सातव्या कॅमेऱ्याचा कान

कॅमेरे एकूण सात होते. एक दारावर, दोन जेवणाच्या दालनात, एक बारच्या काउंटरवर, एक कोठीच्या खोलीत, एक मागच्या दाराशी आणि एक स्वयंपाकघरात. त्यांपैकी सहांना नुसते डोळे होते. सातव्याला, म्हणजे स्वयंपाकघरातल्याला, कानही होता. बसवणाऱ्या माणसाकडचे साधे कॅमेरे सहावर संपले, तेव्हा त्याने सातवा दुसऱ्याच खोक्यातून काढला आणि म्हणाला, "यात माइकपण आहे, साहेब. असू द्या. असलेला बरा."

कॅमेरे आले ते एका जाकिटापायी. कुणा गिऱ्हाइकाने जाताना दुसऱ्याचेच जाकीट अंगात घातले, आणि ज्याचे गेले त्याने आळ घेतला तो लंबूवर. लंबू हा वेटर. ते जाकीट त्याच्या कोपरापर्यंतही आले नसते. तरी गिऱ्हाईक ऐकेना, म्हणून मालक त्याला समजावायला बसले. मालकांना समजावण्याची फार हौस. "मीठ संपलंय" एवढे सांगायचे असले तरी ते "मुद्दा काय आहे, लक्षात घ्या" इथपासून सुरुवात करत आणि मिठाचे आयुष्यातले स्थान सांगून मगच थांबत. गिऱ्हाईक शेवटी "राहू दे ते जाकीट" म्हणून थंडीत तसेच निघून गेले. पण मालकांच्या मनाला लागले. पुन्हा आपल्या माणसावर आळ यायला नको, असे ठरवून त्यांनी कॅमेरे बसवले. इथवर सगळे सरळ होते.

पहिल्याच दुपारी, गर्दी ओसरल्यावर, मालक आपल्या खोलीत बसले. ही खोली म्हणजे पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवायची जागा. आता तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि सात चौकोनांचा पडदा कसाबसा मावला होता. सातव्या चौकोनाच्या कोपऱ्यात कर्ण्याचे बारीक चित्र होते. त्यावर बोट ठेवले तर काय होते, एवढेच पाहावे म्हणून मालकांनी त्यावर बोट ठेवले.

"मुद्दा काय आहे, लक्षात घ्या," मालकांना मालकांचाच आवाज ऐकू आला, "चमचा हा नुसता चमचा नसतो. चमच्यामागे एक विचार असतो..."

मालक दचकले. आपण इथे बसलेलो असताना तिथे बोलतोय कोण? मग पडद्यावर लंबू दिसला. पोटाला टॉवेल गुंडाळून, हात मागे बांधून तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. भांडी घासणाऱ्या मावशी हसून हसून नळाला टेकल्या होत्या. मालकांना राग आला, पण त्याच्या आधी क्षणभर कौतुक वाटले. नक्कल अगदी हुबेहूब होती.

"पुरे रे," मास्टर म्हणाले.

मास्टर म्हणजे आचारी. हॉटेल सुरू झाल्या दिवसापासून शेगडीपुढे तेच उभे. लोक यायचे ते त्यांच्या हाताच्या चवीसाठी. बाकी दिवे, पडदे, खुर्च्या आणि मालक हे सगळे त्या चवीभोवती घातलेले कुंपण होते, आणि हे मालकांनाही मनातल्या मनात कबूल होते.

"तू नक्कल कर नाहीतर नाच कर," मास्टर पुढे म्हणाले. "मी काही आता फार दिवस नाही इथे. समोर नवीन हॉटेल निघतंय ना, त्यांनी बोलावलंय मला. सोमवारी कळवतो म्हटलंय."

"अगंबाई! का हो?" मावशी.

"उकडतं. पहिल्या दिवसापासून उकडतंय. हा वरचा पंखा आहे की शोभेची वस्तू? आणि ते भोपळ्याचं सूप! रोज मी करायचं आणि रोज मीच ओतायचं."

भोपळ्याचे सूप ही मालकांची स्वतःची पाककृती होती. मेनूकार्डात त्याच्यापुढे चांदणी छापलेली होती. मालकांनी कर्ण्यावरचे बोट चटका बसल्यासारखे उचलले. थोड्या वेळाने पुन्हा ठेवले.

मालकांची धाकटी मेहुणी वकील होती. कोर्ट मागच्याच रस्त्यावर असल्याने ती दुपारी जेवायला इथेच यायची आणि जेवणाच्या बदल्यात सल्ला द्यायची, मागितला नसला तरी. दुसऱ्या दिवशी दारातून आत आल्या आल्या तिने वर पाहिले.

"भावोजी, पाटी कुठाय?"

"कसली पाटी?"

"कॅमेरे आहेत अशी. माणसाला आत पाऊल टाकायच्या आधी कळायला हवं की नको?"

"मुद्दा काय आहे, लक्षात घे—"

"मुद्दा मी सांगते. मला आधी काय काय दिसतं ते दाखवा."

ती ताट घेऊनच त्या झाडूच्या खोलीत शिरली. मालक दारात उभे राहिले, कारण आत दोघांना जागा नव्हती.

"हा तिसरा काय बघतोय?"

"दालन."

"दालनाच्या पलीकडे, भावोजी. खिडकीतून."

"अच्छा, ते होय! ते समोरचे दंतवैद्य. त्यांची काच मोठी आहे ना."

"आणि खुर्चीत आ वासून बसलीय ती बाई?"

"ओळखीची नाही गं. अक्कलदाढ आहे बिचारीची. कालही आली होती."

"भावोजी!"

"मी बघत नाही! दिसतं!"

तिसऱ्या कॅमेऱ्याची मान खाली वळवायची ठरली. बारवरच्या कॅमेऱ्यात स्वच्छतागृहाचे दार येत होते, तोही फिरवायचा ठरला. मग मेहुणीने पाचव्या चौकोनावर चमचा टेकवला.

"या कोठीत पोरं कपडे बदलतात का?"

"एकटा लंबू बदलतो. पण त्याचं काही नाही. तो इतका उंच आहे की त्याचा चेहरा कॅमेऱ्यात येतच नाही."

"चेहरा सोडून बाकीचं येतं, हे जास्त वाईट नाही का?"

मालकांनी यावर विचार केला आणि कोठीचा कॅमेरा त्याच दुपारी काढला. सातव्या चौकोनाशी येईपर्यंत मेहुणीचे ताट संपत आले होते.

"हा ठीक आहे. शेगडी दिसते, मागचं दार दिसतं. आवाज नाही ना घेत हा?"

मालकांनी विचारले, "घेतला तर काय होतं?"

"चित्राचं एक वेळ पाटी लावून भागतं. आवाज म्हणजे लोकांचं आपापसातलं बोलणं. त्यांना न सांगता ते ऐकलंत तर सरळसरळ गुन्हा."

"समजा, माझा एक मित्र आहे..."

"हॉटेलवाला?"

"हो."

"सात कॅमेरेवाला?"

"सा... आठ," मालक म्हणाले. "तर त्याने चुकून ऐकलं. आणि त्याला कळलं की त्याचा एक माणूस नोकरी सोडून चाललाय. तर त्याने त्या माणसाला विचारावं का?"

मेहुणीने चमचा ताटात ठेवला. "मित्राला म्हणावं, आधी तो माइक बंद कर आणि सगळ्यांना बोलावून कबूल कर. चोरून ऐकलेल्याच्या जोरावर कुणाला जाब विचारलास किंवा घरी पाठवलंस, तर तो माणूस तुला कोर्टात खेचेल. आणि त्याची वकील मी असेन."

"माझ्या मित्राविरुद्ध?"

"तुमच्या मित्राविरुद्ध."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मास्टर जाणार हे मालकांना ठाऊक होते, आणि ते ठाऊक असण्याची त्यांना परवानगी नव्हती. माइक बंद करायचाच, हे त्यांनी त्याच क्षणी ठरवले. फक्त सोमवारी. सोमवारी मास्टर समोरच्यांना काय कळवतात ते समजले, की लगेच बंद.

तोवर जाब विचारता येत नव्हता, पण पंखा दुरुस्त करता येत होता. पंखा दुरुस्त करणे हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नव्हता. दुसऱ्या सकाळी शिडी आली, मिस्त्री आला आणि दुपारपर्यंत नवा पंखा वाफ बाहेर फेकू लागला.

"हे काय अचानक?" मास्टरांनी विचारले.

"मुद्दा काय आहे, मी इथून सहज जात होतो, तर मला घाम आला," मालक म्हणाले. "आणि घाम ही काही साधी गोष्ट नाही. घामामागे—"

"शेगडीवर आहे माझं," मास्टर म्हणाले.

मालक खोलीत परतले आणि कर्ण्यावर बोट ठेवून बसले. आता मास्टर खूश होतील आणि बेत रद्द करतील, असा त्यांचा कयास होता. पण ऐकू आल्या त्या मावशी. "पंखा झाला, छान झालं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पण माझे गुडघे! दिवसभर उभं राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे? एखादी खुर्ची असती, जरा उंच, पाठ असलेली, तर मधेमधे टेकता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी खुर्ची आली. उंच होती, पाठ होती. "घरी एक जास्तीची पडून होती," मालक म्हणाले. पायाला बांधलेली दुकानाची चिठ्ठी काढायची मात्र राहून गेली होती.

त्यानंतर लंबूला नवे बूट हवे झाले. आपल्या मापाचे बूट बाजारात मिळत नाहीत, ते बनवून घ्यावे लागतात आणि असे बनवून देणारा अमुक गल्लीत अमुक दुकानाशेजारी बसतो, हे त्याने मास्टरांना दोनदा सांगितले. मास्टरांनी पहिल्यांदा ऐकू न आल्यासारखे केले होते. मालकांनी बूट आणले, तेव्हा "तुझ्या पायांकडे बघून मला वाईट वाटलं" असे कारण दिले. लंबूने आपल्या पायांकडे एकदा निरखून पाहिले.

मग मावशींनी नळ मागितला. "भांड्यांच्या टाकीला गरम पाण्याचा नळ पाहिजे बाई," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताला. अर्धा इंची. पितळीच हवा, गंजत नाही तो."

मालकांना नवल वाटले. माणसे एकमेकांशी किती सविस्तर बोलतात! बोलताना मावशी थेट वर, कॅमेऱ्याकडे बघत होत्या, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. पण विचार करताना माणूस छताकडे पाहतोच. नळ बसला. या वेळी कारण सुचेना, म्हणून मालक म्हणाले, "स्वप्नात आला."

"अर्धा इंची?" मावशींनी विचारले.

"स्वप्न स्पष्ट होतं."

एवढे होऊनही मास्टर रोज सगळे आवरल्यावर एकच वाक्य बोलत. "बाकी सगळं झालं. पण ते सूप काही सुटत नाही. बघू, सोमवारी काय ते कळवून टाकू." आणि मालक पडद्यापुढे मान खाली घालत. पंखा देता येतो, बूट देता येतात. पण ते सूप मालकांनी लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केले होते आणि बायकोने दोनदा मागून घेतले होते. त्याच भरवशावर पुढे हॉटेल काढायचे धाडस झाले होते. त्या चांदणीवर काट मारायला हात धजेना.

सोमवारी सकाळी मेहुणीने पाट्या छापून आणल्या. दारावरची मोठी होती, दालनातली मध्यम. स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहिले होते: "येथे चित्रीकरण सुरू आहे. आवाज नोंदवला जात नाही."

"नाही ना जात?" मेहुणीने विचारले.

"छे!" मालक म्हणाले आणि स्वतःच्या हाताने, हातोडीने, ती पाटी त्यांनी बरोबर शेगडीसमोर ठोकली. आजच बंद करायचाय, मग खोटे काय आहे त्यात? खोटे असलेच तर दोन-तीन तासांपुरते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुपारी समोर आले.

गर्दी ओसरली होती. मेहुणी कोपऱ्यातल्या टेबलावर जेवत होती आणि मालक तिच्यासमोर बसून तिला पाटीचे समाजातले महत्त्व समजावत होते. तेवढ्यात स्वयंपाकघराचे दार उघडून तिघे बाहेर आले. पुढे मास्टर, मागे मावशी, आणि सगळ्यांच्या वर लंबूचा चेहरा.

"मालक, ती आतली पाटी," मास्टर म्हणाले. "खरी आहे का?"

"कोणती?"

"आवाज घेत नाही म्हणणारी."

शेजारी वकील, समोर साक्षीदार. "शंभर टक्के खरी!" ते म्हणाले. "एक शब्द ऐकू येत नाही. कधी आलाच नाही."

तिघांचे चेहरे एकदम पडले.

"एकही नाही?" मावशींनी विचारले.

"आईशप्पथ."

"मग पंखा?" मास्टर.

"योगायोग."

"खुर्ची?"

"जास्तीची होती."

"माझे बूट?" लंबू म्हणाला. "ते तर त्याच गल्लीतून आणलेत, मालक!"

"गल्ली... वाटेवर आहे माझ्या."

"तरी मी म्हणत होते," मावशी लंबूकडे वळून म्हणाल्या, "स्वप्नात नळ येतो कधी? पण अर्धा इंची आला म्हणून माझा विश्वास बसला. आणि काल मी खिडकीच्या पडद्याचं सांगितलं ते सगळं हवेतच गेलं म्हणायचं!"

मालकांना यातले काही उमगेना. मेहुणीला उमगले असावे, कारण तिने पाण्याचा पेला तोंडापुढे धरला आणि पाणी काही प्यायली नाही.

"असो," मास्टर म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. "म्हणजे तुमच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. मग आता तोंडावरच सांगतो. मालक, मी—"

"सांगू नका!" मालक ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. "सांगू नका, मास्टर. ऐकलंय मी. सगळं ऐकलंय. पहिल्या दिवसापासून रोज ऐकतोय. समोरच्या हॉटेलाचंही ऐकलंय. करा माझ्यावर तक्रार, उभं करा कोर्टात, ही बसलीय तुमची वकील. पण तेवढं एक वाक्य तोंडावर नका बोलू."

मावशींनी छातीवर हात ठेवला आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"ऐकू येतं म्हणजे!" त्या म्हणाल्या. "मग ते पडद्याचं आठवणीत ठेवा."

"तुम्हाला माहीत होतं?" मालकांनी विचारले.

"बसवणाऱ्याला चहा मीच दिला होता," मास्टर म्हणाले. "त्याने दाखवलं ना, हा डोळा, हा कान. म्हटलं, बरं झालं. देवच पावला."

"अहो, पण समोर येऊन सांगायचं ना! मी काय वाघ आहे? मुद्दा काय आहे, लक्षात घ्या, माझं दार कायम—"

"हे बघा," मास्टर म्हणाले. "हे असं होतं. पंख्याचं सांगायला मी तुमच्याकडे चार वेळा आलो. एकदा तुम्ही वाऱ्याबद्दल बोललात, एकदा जुन्या काळातल्या आचाऱ्यांबद्दल, आणि दोन वेळा मला कशासाठी आलो तेच आठवेना. कॅमेरा मधे बोलत नाही, मालक."

मालकांनी मागे पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"माइक तर बंद होणारच," मेहुणी म्हणाली. "आज, आत्ता, माझ्यासमोर. आता प्रश्न तक्रारीचा. तुमचा हक्क आहे. करायचीय का कुणाला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन कुजबुजले. ती कुजबुज खरोखरीची खासगी होती. त्यातले अक्षरही मालकांना ऐकू आले नाही आणि त्यांची अस्वस्थता वाढली. मग मास्टर परत आले.

"समोरच्यांना मी संध्याकाळी कळवतो म्हटलंय," ते म्हणाले. "बोलावलं होतं ते खरंच. जायचं मनातही होतं. आता पंखा बसल्यावर निम्मं मन उरलंय. तेव्हा तक्रार नको. एकच अट. माइक गेल्यावर त्याच्या जागी तुम्ही यायचं. रोज पाच मिनिटं आत बसायचं आणि आम्ही बोलू ते ऐकायचं. मधे अवाक्षर काढायचं नाही. आज जमलं तर मी राहिलो. नाही जमलं तर समोर अजून जागा आहे."

"पाच मिनिटं!" मालक हसले. "अहो, एवढंच ना? मुद्दा काय—"

"अजून सुरू नाही झालं," लंबू समजुतीने म्हणाला.

मेहुणीने समोर उभे राहून माइक बंद करून घेतला आणि सगळे स्वयंपाकघरात गेले. मालक मावशींच्या उंच खुर्चीवर बसले. लंबूने मोबाइलवर घड्याळ लावले आणि सर्वांना दिसेल असे भांड्यांच्या फळीवर ठेवले.

पहिल्यांदा लंबू बोलला. टेबलांचे क्रमांक उलट्या दिशेने लावलेत, त्यामुळे नवी माणसे गोंधळतात. मालकांनी नाकाने श्वास घेतला. क्रमांकांमागे एक विचार होता, मोठा विचार होता. तो गिळताना त्यांचे कान लाल झाले. मग मावशींनी पडद्याचे पुन्हा सांगितले, लांबी-रुंदीसह. ते निभावले. पण पुढे त्या थांबल्या आणि हात पुसत म्हणाल्या, "आणि माझं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही रोज घरी डबा पाठवलात. ते बोलायला मी किती वेळा आले. पण आले की तुम्ही मला ऑपरेशन म्हणजे काय ते समजावायला लागायचात. तर ते राहिलंच होतं. फार बरं वाटलं होतं."

हे सर्वांत अवघड होते. मालकांचे तोंड उघडले. मेहुणीने बोट वर केले. तोंड मिटले, पण डोळ्यांचे काही करता येईना.

शेवटी मास्टर पुढे आले. "सूप," ते म्हणाले. मालकांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. "दहा वाट्या बाहेर गेल्या तर सात भरलेल्या परत येतात. चव वाईट नाही, पण त्याला धार नाही. मऊमऊ लागतं. पहिल्या घोटानंतर माणूस चमचा खाली ठेवतो. मी रोज ओततो आणि रोज मला वाटतं, तुम्हाला कसं सांगू? कारण तुम्ही ते मनापासून केलेलं आहे, हे चवीत कळतं." एवढे बोलून त्यांनी उरलेल्या सुपाची वाटी मालकांच्या हातात दिली. "घ्या. गिऱ्हाईक म्हणून घ्या."

मालकांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. वाटीत पाहिले, छताकडे पाहिले, पुन्हा वाटीत पाहिले.

"आलं घातलं तर?" ते म्हणाले.

लंबूने झडप घालून घड्याळ थांबवले. पाच मिनिटे चार सेकंद.